वारा पश्चिमेचा, काजळी पश्चिमेलाच

बाजीराव रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर आमचं घर आहे. रस्त्याच्या बाजूने दोन खिडक्या आणि मागच्या चौकाकडे एक. मी लग्न होऊन आले तेव्हा इथे दुमजली वाडा होता, आता पाच मजली इमारत आहे. दर शनिवारी मी खिडक्यांच्या चौकटी ओल्या फडक्याने पुसते. मागची खिडकी पुसली की फडकं मातकट होतं. पुढची पुसली की काळं होतं, आणि ते काळं नुसतं धुळीचं नसतं. पिळताना बोटांना किंचित तेलकट लागतं, साबणाशिवाय हात सुटत नाही.

चौतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. सवयीने मनात हिशोब मांडला होता. आमची इमारत रस्त्याच्या पश्चिमेला आहे आणि पुण्यात वर्षाचे बरेच महिने वारा पश्चिमेकडून येतो. म्हणजे रस्त्यावरचा धूर आमच्यापासून दूर, समोरच्या पूर्वेच्या घरांकडे जात असणार. समोरच्या वहिनींना मी एकदा तसं म्हटलंही, की आमच्याकडे एवढी काजळी येते तर तुमचे काय हाल असतील. त्या म्हणाल्या, "या ना बाई, बघाच माझी खिडकी." मी फडकं घेऊनच गेले. त्यांच्या चौकटीवरही काजळी होती, पण आमच्यापेक्षा स्पष्ट कमी. दोन फडकी शेजारी ठेवली तेव्हा शंकाच उरली नाही.

त्याच दिवशी मला फार जुना एक प्रश्न आठवला. सातवीतल्या एका मुलाने विचारलं होतं, "बाई, गाडीचा धूर शेवटी जातो कुठे?" मी म्हटलं होतं, हवेत मिसळतो. उत्तर चूक नव्हतं, पण पुढचा तास त्यावर घ्यायला हवा होता तो मी घेतला नाही. निवृत्तीनंतर ते वाचन केलं, आणि आज तो तास इथे घेते आहे.

सुरुवात सायलेन्सरच्या नळीपासून. एक लिटर पेट्रोल पुरतं जाळायला सुमारे ११ किलो हवा लागते. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद खोलीत कमरेइतकी हवा भरली तर होईल तेवढी, म्हणजे नऊ घनमीटर. त्यातून बाहेर पडतो तो बहुतेक नायट्रोजन, वाफ आणि दोन किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड. छातीला जाचणारा भाग त्या मानाने थोडा: कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेलं इंधन, नायट्रिक ऑक्साइड आणि काजळी.

पण सगळं प्रदूषण नळीतून तयार होऊन येतं असं नाही. डिसेंबरच्या पहाटे आपल्या तोंडातून वाफ निघते. ती तोंडात दिसत नाही, थंड हवेला भेटल्यावर दिसते. सायलेन्सरच्या तोंडाशी हेच होतं. गरम वायूत विरलेले तेलाचे आणि गंधकाम्लाचे अंश गार हवेत येताच क्षणात आकसतात आणि त्यांचे कण बनतात. मिलीमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही बारीक. म्हणून तर इंधनातलं गंधक कमी करण्याला एवढं महत्त्व आलं. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा लागू झालं, तेव्हा इंधनातलं गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आणलं गेलं. गंधक जास्त असेल तर काजळी अडवणाऱ्या गाळण्या आणि उत्प्रेरकही नीट काम करत नाहीत. हे पाऊल खरोखर मोठं होतं आणि त्याचं श्रेय द्यायला हवं.

हे कण किती हलके, ते एका आकड्यावरून कळतं. दहा मायक्रॉनचा धुळीचा कण स्थिर हवेत एका सेकंदात सुमारे तीन मिलीमीटर खाली येतो. त्याच्या शंभराव्या भागाइतका, म्हणजे ०.१ मायक्रॉनचा धुराचा कण तेवढंच अंतर खाली यायला जवळजवळ एक तास घेतो. धूळ बसते. धूर बसत नाही, हवा नेईल तिकडे तो जातो. तेव्हा धूर कुठे जातो याचं उत्तर हवा कुठे जाते यात आहे, आणि रस्त्यावरची हवा पहिल्यांदा कोण हलवतं, तर खुद्द गाडी.

वर्गात मी एक प्रयोग करायचे. पुठ्ठ्याचा खोका खेळण्यातल्या गाडीवर चिकटवायचा, टेबलावर उदबत्ती लावायची आणि खोका तिच्याजवळून दोरीने ओढायचा. मुलांना वाटायचं धूर बाजूला उडेल. तो खोक्याच्या मागे वळायचा आणि पाठीला चिकटल्यासारखा त्याच्याबरोबर काही अंतर जायचा. गाडी पुढे सरकते तेव्हा तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो, आणि ती जागा भरायला आजूबाजूची हवा गरागरा फिरत आत शिरते. याचा पुरावा पाहायला प्रयोगशाळा नको. मातीच्या रस्त्याने आलेल्या एसटीची पुढची काच बरी असते, पण पाठ धुळीने इतकी माखलेली असते की पोरं तिच्यावर बोटाने नावं लिहितात. मागच्या चाकांनी उडवलेली धूळ मागे राहत नाही, गाडीच्याच पाठीवर ओढली जाते. सायलेन्सरचा धूरही त्याच भोवऱ्यात जातो. मागचं दार उघडं ठेवून गाडी चालवू नये असं जुने ड्रायव्हर सांगतात, ते याचसाठी. धूर आत येतो.

या भोवऱ्याचं एक चांगलं काम आहे. तो धूर घुसळून पातळ करतो. नळीतून निघालेला वायू वाहत्या रस्त्यावर पहिल्या एक ते तीन सेकंदांत सुमारे हजारपट पातळ होतो. त्यानंतर आणखी दहापट पातळ व्हायला मात्र तीन ते दहा मिनिटं लागतात, कारण तिथून पुढे गाडीचा जोर संपतो आणि काम वाऱ्यावर येतं. हे दोन आकडे मला फार मोलाचे वाटतात. गाडी ताशी ३६ किलोमीटरने जात असेल तर सेकंदाला दहा मीटर होतात. म्हणजे तिच्या मागच्या दहा-वीस-तीस मीटरांतच सगळा फरक पडतो. तेवढं अंतर राखलं तर धूर खूपसा विरलेला मिळतो. नळीच्या तोंडाशीच थांबलं तर कोरा धूर मिळतो.

आणि आपण थांबतो ते तिथेच. सिग्नल लाल झाला की आपल्या दुचाक्या फटीफटीतून पुढे सरकत बसच्या मागच्या बंपरला जाऊन टेकतात. उभ्या बसच्या मागे भोवरा नसतो, घुसळण नसते. गरम धूर ढगासारखा तिथेच रेंगाळतो. मग सिग्नल हिरवा होतो, सगळे एकदम पीळ देतात, आणि इंजिनावर ताण येतो त्या क्षणी सगळ्यात घाण धूर निघतो.

माझा नातू पाच वर्षांचा आहे. माझा मुलगा त्याला स्कूटरवर पुढे, पाय ठेवायच्या जागेत उभं करून शाळेत नेत असे. पुण्यातली निम्मी मुलं अशीच जातात. एका सकाळी मी मागे बसले होते. सिग्नलला आमच्यापुढे एक जुनी बस थांबली होती. तिची नळी जमिनीपासून हातभर उंच, नातवाचं तोंड हँडलच्या जरा वर, मधलं अंतर चार-पाच फूट. बस सुटली तसा धुराचा लोट सरळ त्याच्या तोंडावर आला. त्याने डोळे मिटले, मान फिरवली आणि खोकला. मुलाच्या तोंडावर हेल्मेटची काच होती, माझ्या तोंडावर पदर होता. त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं. घरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढून ते चित्र हललं नाही. लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेतं, आणि आम्ही त्याला सगळ्यांत पुढे, सगळ्यांत खाली उभं केलं होतं.

पदर, ओढणी, स्कार्फ यांच्याबद्दल इथेच सांगते, कारण पुण्यातल्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून तोंड गुंडाळून जातात आणि त्यांना वाटतं आपण सुरक्षित आहोत. कापड जाड धूळ अडवतं, उन्हापासून वाचवतं. धुराचे बारीक कण आणि वायू त्यातून सहज आत जातात.

नळीची दिशा कुठे असावी यावरही कधी काळी विचार झाला होता. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुचाकी सोडून इतर गाड्यांसाठी असं म्हटलं होतं की धूर खाली किंवा डाव्या बाजूला सोडू नये, मागे किंवा उजवीकडे सोडावा. डावीकडे फुटपाथ, बसथांबा, चालणारा माणूस. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तो होता, हे मला आवडतं. पण आज बसच्या मागे आणि उजवीकडे शेकडो दुचाक्या असतात, याला त्या नियमाकडे उत्तर नाही.

आता माझ्या खिडकीकडे येते. मोकळ्या माळावरच्या रस्त्यावर वारा आडवा आला की धूर वाऱ्याच्या दिशेने निघून जातो, हे सरळ आहे. पण दोन्ही बाजूंना इमारतींच्या सलग भिंती असल्या की रस्त्याची घळ होते. इमारतींची उंची रस्त्याच्या रुंदीच्या साधारण दोन-तृतीयांशाच्या वर गेली की आडवा वारा छपरांवरून घसरत निघून जातो, खाली नीट उतरत नाही. जाता जाता तो घळीतल्या हवेचा वरचा थर आपल्याबरोबर ओढतो आणि आतली हवा चाकासारखी फिरू लागते.

विहिरीवरचा रहाट आठवा. वरची बाजू एका दिशेने जाते, खालची उलट्या दिशेने. पश्चिमेचा वारा वरची हवा पूर्वेला ढकलतो. ती समोरच्या वहिनींच्या भिंतीवर आदळून खाली उतरते, म्हणजे त्यांना छपरावरची त्यातल्या त्यात ताजी हवा मिळते. रस्त्यावर पोचल्यावर ती पश्चिमेकडे वळते, सगळ्या बस, रिक्षा, स्कूटरींमधून धूर भरून घेते, आणि भरलेल्या पोहऱ्यासारखी आमच्या भिंतीवरून वर चढते. वारा पश्चिमेचा आणि काजळीही पश्चिमेलाच, ती अशी.

पुस्तकात वाचून माझं समाधान होईना. एप्रिलमधल्या एका संध्याकाळी, वारा चांगला सुटला असताना, मी आमच्या खिडकीबाहेर उदबत्ती धरली आणि वहिनींना त्यांच्या खिडकीत धरायला सांगितली. आमचा धूर भिंतीला लगटून वर गेला. त्यांचा भिंतीवरून खाली उतरत होता. रस्त्याच्या दोन तीरांवर दोन बायका उदबत्त्या घेऊन उभ्या, आणि मधून अख्खी वाहतूक चाललेली. मला त्या क्षणी फार आनंद झाला. लगेच पुढचा विचार आला की रहाटाचा सगळ्यात भरलेला भाग तिसऱ्या मजल्यावर नाही, खाली फुटपाथवर आहे. तिथे आमचा भाजीवाला बसतो, सकाळपासून रात्री नऊपर्यंत.

हाच वारा लक्ष्मी रस्त्यावर वेगळा वागतो. तो रस्ता पूर्व-पश्चिम आहे, त्यामुळे वारा त्याच्या लांबीने वाहतो आणि धूर पुढे नेतो. एका चौकात दोन रस्ते मिळतात आणि दोघांची हवा वेगळी. पेठांमधले दुमजली वाडे जाऊन पाच-सहा मजले उठले, रस्ते तेवढेच राहिले, तेव्हा आपण घळी खोल केल्या. बांधकामाचे नकाशे मंजूर करताना वाऱ्याची दिशा कुणी पाहावी अशी माझी मागणी आहे. झाडांचंही तसंच आहे. अरुंद रस्त्यावर वर मिटलेली दाट कमान सावली देते, पण धुरालाही झाकण घालते. रस्ता आणि फुटपाथ यांच्यामध्ये कमरेइतकं दाट कुंपण लावलं तर ते चालणाऱ्याला आडोसा देतं. झाडं हवीतच, पण कुठलं कुठे लावायचं ते ठरवून.

कात्रजच्या जुन्या बोगद्यातून गेलेल्यांना घळीचंही टोक ठाऊक आहे. एकाच दिशेने वाहतूक असलेल्या बोगद्यात गाड्या पिचकारीच्या दट्ट्यासारख्या हवा पुढे ढकलतात आणि बोगदा आपोआप वाहता राहतो. जुन्या बोगद्यात दोन्हीकडून गाड्या येतात, एकीने ढकललेली हवा दुसरी परत लोटते. आत वाहतूक अडकली तर तेही थांबतं. अशा वेळी काचा वर करून इंजिन बंद करावं.

रस्त्यापासून किती लांब गेलं की सुटका? अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या महामार्गांजवळ यिफांग झू आणि सहकाऱ्यांनी कण मोजले, ते २००२ साली प्रसिद्ध झालं. वाऱ्याच्या दिशेने जाताना अतिसूक्ष्म कणांची संख्या पहिल्या शंभर मीटरांत झपाट्याने उतरते आणि ३०० मीटरांवर शहराच्या इतर हवेसारखी होते. हे दिवसाचं. पुढे त्याच भागात सूर्योदयापूर्वी मोजलं तेव्हा धुराचा पट्टा सुमारे दोन किलोमीटरपर्यंत पसरलेला मिळाला, आणि तेव्हा रस्त्यावर गाड्या दिवसापेक्षा कमी होत्या. पहाटे जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं. धूर वर जात नाही, आडवा पसरत राहतो.

हे झाकण पाहायचं असेल तर डिसेंबरात सकाळी सातला पर्वतीवर जा. खाली पेठांवर राखाडी थर सपाट पसरलेला असतो, जणू कुणी पट्टीने रेघ मारली आहे. त्यात सगळा गाड्यांचाच धूर नसतो. जळणारा पालापाचोळा असतो, बंब असतात, बांधकामाची धूळ असते. पण पहाटे आरोग्यासाठी म्हणून मुख्य रस्त्याच्या कडेने झपझप चालणारी माणसं मला वरून त्या थरात शिरताना दिसतात, आणि त्यांना हाक मारून थांबवावंसं वाटतं. थंडीत ऊन वर आल्यावर चाला, किंवा टेकडीवर चाला. झाकण उठायला उन्हं लागतात.

पुण्याच्या हवेचे आकडे आपल्याला रोज मिळतात. पाषाणच्या आयआयटीएम या संस्थेची सफर ही सेवा २०१३ मध्ये पुण्यात सुरू झाली, आणि तिच्यामुळे आपण हवेबद्दल आकड्यांत बोलू लागलो. पण केंद्र मोजतं ती परिसराची हवा असते, सिग्नलवरची तुमच्या नाकासमोरची नव्हे. २०१० मध्ये दिल्लीत संशोधकांनी धावत्या रिक्षांमध्ये यंत्रं ठेवून मोजमाप केलं. शहराच्या सर्वसाधारण हवेच्या तुलनेत रिक्षात पीएम २.५ सुमारे दीडपट होतं, काजळी साडेतीनपट, आणि अतिसूक्ष्म कणांची संख्या आठपट. वजनात मोजलं तर दीडपट, संख्येत मोजलं तर आठपट. आपले निकष वजनाचे आहेत.

पीयूसीचीही मर्यादा समजून घ्यायला हवी. ती चाचणी उभ्या गाडीची. पेट्रोलच्या गाडीचा उभ्या जागी निघणारा वायू बघतात, डिझेलच्या गाडीचं इंजिन रिकामं फिरवून धूर किती दाट ते बघतात. नायट्रोजनची ऑक्साइडं त्यात मोजत नाहीत. तरी पीयूसी काढाच, बिघडलेली गाडी तिच्यातून सापडते. नव्या मोटारींना एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावर धावताना धूर मोजण्याची कसोटी लागू झाली, ती योग्य दिशेची आहे. आणि आपल्या विजेवरच्या बसना नळीच नसते. ब्रेकचा आणि टायरचा भुगा त्यांचाही उडतो, पण माझ्या नातवाच्या तोंडावर आला तो लोट त्यांच्या मागे येत नाही. त्या वाढाव्यात.

आम्ही काय केलं ते सांगते. मुलगा आता सिग्नलला बस किंवा ट्रकच्या मागे थांबत नाही, दोन गाड्यांचं अंतर ठेवतो आणि इंजिन बंद करतो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू द्यावेत. नातवाला तो मुख्य रस्त्याऐवजी मागच्या बोळांतून नेतो. तीन मिनिटं जास्त लागतात.

शाळेचं काम जरा अवघड गेलं. शाळेचं मोठं फाटक मुख्य रस्त्यावर आहे. सुटण्याच्या वेळी तिथे रिक्षा आणि व्हॅन इंजिन चालू ठेवून उभ्या असतात आणि मुलं त्यांच्यामध्ये रांगेत. मागे बोळात एक दार होतं, कित्येक वर्षं कुलूप लावलेलं, आत मोडके बाक रचलेले. कॅलिफोर्नियात २००३ साली कायदा झाला की मोठ्या महामार्गापासून ५०० फुटांच्या आत नवी शाळा सहसा बांधू नये. आपल्या पेठांत शाळा उचलून नेता येणार नाही, पण दार बदलता येतं. मी मुख्याध्यापिकाबाईंना भेटले. त्या म्हणाल्या, "बाई, शिपाई एकच आहे." मी दोन पांढरे रुमाल घेतले. एक मोठ्या फाटकाच्या गजाला बांधला, एक मागच्या दाराच्या कडीला. पंधरा दिवसांनी दोन्ही सोडून पालकांच्या सभेत टेबलावर ठेवले. त्यावरची काजळी सगळी धुराची नव्हती, धूळही होती, आणि वायू तर रुमालावर दिसतच नाहीत, हेही मी सांगितलं. कुणी फारसं बोललं नाही. एका आजोबांनी काळा रुमाल हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, मागच्या दाराशी मी बसेन रोज.

बालवाडी ते दुसरीची मुलं आता त्या दाराने सुटतात. तुमच्या शाळेलाही मागे बोळात उघडणारं दार असेल, तर दोन पांढरे रुमाल बांधून पाहा आणि पंधरा दिवसांनी ते घेऊन मुख्याध्यापकांकडे जा.